वाढत्या अंगाचं

आषाढात लोकर बोटावरून सरकत नाही. तळहाताला घाम, हवेत ओल आणि सुया ॲल्युमिनियमच्या. टाका पुढे ढकलावा तर तो सुईला चिकटून बसतो आणि ढकलताना कुचकुच वाजतो. वीसेक टाके झाले की मी सुया मांडीवर ठेवते, पदराला हात पुसते आणि बाळासाठी आणून ठेवलेली पावडर स्वतःच्याच तळव्यांना लावते. बाळ यायला अजून महिना आहे. तोवर डबा अर्धा होणार.

पावसाने चार दिवस उघडीप दिलेली नाही. माडांच्या पलीकडचा समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. अशा हवेत देवगडात पडवीवर बसून एक निवृत्त मास्तरीण स्वेटर विणते आहे, याची वाडीतल्या लोकांना गंमत वाटते. काल दूध घालायला आलेल्या पोराने विचारलंच, "बाई, कोणाक येवढी थंडी वाजता?"

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे थंडी म्हणजे पौषात पहाटे चादर अंगावर ओढून घ्यावीशी वाटणं. तेवढ्यासाठी कुणी स्वेटर घेत नाही. बाजारात लोकरीचं असं वेगळं दुकानही नाही. बांगड्या, रिबिनी, बटणं, साडीचे फॉल विकणाऱ्या दुकानात अगदी वरच्या फळीवर एक पुठ्ठ्याचा खोका असतो. त्यात लुधियानाहून आलेले गुंडे: फिका गुलाबी, आकाशी, लिंबू, पांढरा, आणि का कोण जाणे, एक भडक जांभळा. तो जांभळा मी दहा वर्षं त्याच खोक्यात बघते आहे. दुकानदार स्टुलावर चढून खोका काढतो, त्यावरची धूळ फुंकतो, आणि दर वेळी तो जांभळा आधी पुढे करतो.

पण लोकर कोकणाला परकी, हे काही खरं नव्हे. लावणीच्या दिवसांत माझे आजोबा जोत धरायला जाताना डोक्यावरून कांबळं घेत. वाकून लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवर इरलं आणि पुरुषांच्या अंगावर घाटावरून आलेलं काळं, जाड, टोचरं कांबळं. दिवसभर ते भिजायचं, जड व्हायचं, संध्याकाळी चुलीजवळ टांगलं की घरभर मेंढीचा वास सुटायचा. पण आतलं अंग गार पडायचं नाही. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पोटात घेतो तरी हाताला ओला लागत नाही, हे मी फार पुढे वाचलं. आजोबांनी ते वाचलेलं नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

आता खोक्यातली लोकर ही आजोबांच्या कांबळ्याची लोकर नव्हे. आपण सरसकट लोकर म्हणतो, पण लहान मुलांच्या कपड्यांसाठी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. मऊ, स्वस्त, धुवायला सोपा, कसर लागत नाही. फक्त घाम म्हणून जो असतो तो पीत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. धाग्याचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीला लावायचा. खरी लोकर असली तर जळक्या केसांचा वास येतो आणि मागे राहते ती राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक असलं तर धागा वितळत जळतो आणि टोकाला काळा टणक मणी उरतो. हा मणी एकदा पाहिला की बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीजवळ, धुरीजवळ असे कपडे वाळत घालायची हिंमत होत नाही. माझी आई मात्र घालायची. तिच्या वेळी लोकर म्हणजे लोकरच असे.

मी विणायला शिकले ती आईकडून. आईचं माहेर रत्नागिरी, सासर देवगड. म्हणजे उभ्या जन्मात तिला थंडी अशी वाजली नाही. तरीही तिची पहिली मोठी कामं गरम कपड्यांचीच. १९६२ साली चीनने आक्रमण केलं तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यात ती होती. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य घरोघरी झालं. आमच्या घरी सह्याद्री चार सुयांवर होता. मी चार वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त शेवाळी रंगाचा भला मोठा गुंडा आणि त्याला हात लावायचा नाही ही तंबी. बाकीचं आईने सांगितलेलं.

तिच्या वाट्याला माकडटोप्या आल्या होत्या. डोळ्यांपुरती जागा उघडी, बाकी डोकं-कान-मान सगळं झाकलेलं. आईने अशी टोपी कुणाच्या डोक्यावर पाहिलेली नव्हती. मापाला माणूस हवा म्हणून तिने पहिली टोपी आजोबांना घातली. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. टोपी घालून ते तसेच कातरत राहिले, घाम कपाळावरून डोळ्यांत आला तरी काढेनात. आईने विचारलं, "मामंजी, घट्ट होते का?" तर म्हणाले, "ज्याला घालायची आहे त्याला विचार." हे आई पुढे कितीदा तरी सांगायची आणि दर वेळी हसायची. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळायला पहिला स्वेटर वाया जावा लागला.

तो स्वेटर माझ्या थोरल्या भावाच्या मुलाचा. मुलगा झाला चैत्रात, वेंगुर्ल्याला. मी तेव्हा नव्याने नोकरीला लागलेली, हातात पैसे, आणि अंगात नवी खुमखुमी. बाळंतविडा मी करणार म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं. बाळंतविड्यातल्या बाकीच्या गोष्टी सरावाच्या होत्या. आजीच्या जुन्या नऊवारीची दुपटी, मलमलची झबली, कुंची, चौकोनी लंगोट, वेखंडाचं कांडं, काजळाची डबी. सुती जुनं कापड धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की बाजारातलं कुठलंच नवं कापड त्याच्या जवळ येत नाही. या सगळ्याच्या वर मी ठेवला लोकरीचा संच: स्वेटर, टोपडं, मोजे. पुण्याला गेलेल्या मैत्रिणीने तुळशीबागेतून आणलेली पांढरीशुभ्र दोनपदरी लोकर, सगळ्या अंगावर जाळीची वीण, गळ्याला नाडी, नाडीच्या टोकांना गोंडे. बारशाला आलेल्या बायकांनी तो संच हातोहात फिरवला. कुणीतरी म्हणालं, "हाताला जादू आहे हो." मी दोन दिवस तरंगत होते.

बाळाच्या अंगावर तो एकदाच गेला. वैशाखातलं वेंगुर्लं. अर्ध्या तासात मूल लाल झालं, संध्याकाळपर्यंत मानेवर आणि पाठीवर घामोळं उठलं. मोज्यातल्या जाळीत त्याच्या पायाचं करंगळीएवढंही नसलेलं बोट अडकलं ते वेगळंच. वहिनी काही बोलली नाही. तिने सगळं धुऊन, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवलं. पावसाळ्यात जरा गारवा आला म्हणून बाहेर काढलं तेव्हा बाही कोपरापर्यंतच जाईना. आणि श्रावणात ट्रंक पुन्हा उघडली तर त्या पांढऱ्याशुभ्रावर बुरशीचे करडे ठिपके.

मला राग आला होता, आणि तो वहिनीवर आला होता, हे कबूल करायला हवं. एवढं केलं त्याची किंमत नाही, वगैरे. पुढे कधीतरी आईची वही चाळताना डोक्यात प्रकाश पडला.

ही वही अजून माझ्याकडे आहे. शंभर पानी, रेघांची, कोपरे वाळवीने खाल्लेले. तिच्यात विणी लिहिलेल्या आहेत त्या आईच्या खास भाषेत: 'सु २, उ २', 'धा. पु. घेऊन दोनाचा एक', 'ओळ ५ पासून पुन्हा'. धा. पु. म्हणजे धागा पुढे. सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट. विणकामाची सगळी बाराखडी या दोन अक्षरांची, आणि खरं म्हणजे तीही एकाच अक्षराची, कारण सुलट टाका मागून पाहिला की उलट दिसतो. एक ओळ सुलट, एक उलट असं विणत गेलं तर कापड पुढून सपाट येतं पण कडा गुंडाळत जातात. म्हणून खाली आणि पुढच्या उघड्या कडांना एक सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत त्यावर उलटसुलट असा पट्टा घालायचा. तिला आम्ही साबुदाण्याची वीण म्हणायचो. हाताला तसेच दाणे लागतात. काही विणींना आईने घरगुती नावं दिली होती. एक 'आंब्याचं पान', एक 'ओहोटी'. ओहोटीची वीण म्हणजे लाट मागे गेल्यावर वाळूवर उरतात तशा नागमोडी रेघा. नावं वाचली की नमुना न विणताही डोळ्यांपुढे येतो.

पण प्रकाश पडला तो विणींमुळे नाही, समासांमुळे. जवळजवळ प्रत्येक पानाच्या समासात आईने कुणासाठी काय विणलं ते नोंदलं होतं आणि त्यापुढे एक महिना. 'अमकीची मुलगी, जन्म ज्येष्ठ, कार्तिकासाठी.' 'धाकट्या जावेचा, जन्म मार्गशीर्ष, टोपडं फक्त.' 'जन्म चैत्र, सुती, बाहेरगावी जाणार नाही.' माप काय घ्यायचं हे तिने मुलाच्या जन्मावरून ठरवलेलं नव्हतं. ते कापड अंगावर कधी आणि कुठे चढणार, यावरून ठरवलं होतं. आपल्याकडे लहान मुलाचे कपडे बेतताना 'वाढत्या अंगाचं' शिवा म्हणतात. शिंप्याला आपण ते सवयीने सांगतो. आईने त्यात तिथी आणि गाव घातलं होतं. मी वेंगुर्ल्याच्या वैशाखात, आठ दिवसांच्या बाळासाठी, आठ दिवसांच्या बाळाच्या मापाचा लोकरीचा स्वेटर विणला होता. जाळी मात्र सुंदर होती.

आता हातात आहे त्याचा हिशेब म्हणूनच आधी कॅलेंडरवर झाला. माझी भाची नाशिकला असते. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी कणकवलीला आली आहे. श्रावणात बाळ होईल. मार्गशीर्षाच्या सुमाराला ती नाशिकला परत जाईल, तेव्हा बाळ असेल चार महिन्यांचं आणि नाशिकला चांगली कडाक्याची थंडी पडलेली असेल. तेव्हा माप सहा महिन्यांचं. छाती साधारण ४३ सेंटिमीटर, आत झबलं असणार, हालचालीला सैल हवं, म्हणून विणायचं ४८. लोकर या वेळी खरी, मऊ मेरिनो, भाच्याने मुंबईहून मागवून दिलेली. हा भाचा म्हणजे तोच, जाळीत बोट अडकलेला.

यापुढचं गणित ज्यांना विणकामात रस नाही त्यांनी गाळलं तरी चालेल, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश नंबर आहेत. ते आले तारेच्या जाडीच्या मापावरून, त्यामुळे नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४. नवशिक्या बायका इथे हटकून फसतात. ८ नंबरवर या जाडीच्या लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात, म्हणजे ४८ सेंटिमीटरला १०६ धरले. आता गंमत अशी की हे २२ माझ्या हाताचे जानेवारीतले. आषाढात धागा बोटाला चिकटतो, आपण तो नकळत ओढतो, आणि त्याच सुयांवर, त्याच लोकरीचे, त्याच बाईच्या हातचे २४ होतात. मग तेच १०६ टाके ४४ सेंटिमीटरमध्ये संपतात. चार सेंटिमीटर कुठे गेले तर हवेत. म्हणून आधी चार-पाच इंचांचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा, पट्टी ठेवून टाके मोजायचे आणि मग सुई ठरवायची. मी या वेळी ७ नंबर घेतला. आईच्या वहीत एका पानावर फक्त एवढंच आहे: 'पाऊस. हात घट्ट.'

नमुन्याचा चौकोन विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. मलाही येतो. त्या बाबतीत माझे कान उपटले ते शेजारच्या तात्यांनी, आणि त्यांनी उभ्या जन्मात लोकरीची सुई हातात धरलेली नाही.

तात्या मासेमारी करतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. (मासळीलाही वीणच. मराठीने हा शब्द दोन्हीकडे ठेवला आहे.) या दोन महिन्यांत होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि पुरुष जाळी घेऊन पडवीत बसतात. तात्यांची पडवी आणि माझी पडवी यांच्यात एक गडगा आणि दोन जास्वंदी. पाच-सहा पावसाळे आम्ही असे समोरासमोर बसून विणतो आहोत. ते नायलॉन, मी लोकर.

त्यांची सुई चपटी, वीतभर लांब, मधे जिभेसारखा काटा. त्या काट्याभोवती दोरा भरून ठेवायचा. जाळ्याची एक कड डाव्या पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरायची. मला वाटायचं, फाटलं तिथे दोरा भरत जायचं, गोधडीला ठिगळ लावावं तसं. पहिल्यांदा जवळ जाऊन पाहिलं तर तात्यांनी कात्री घेऊन फाटलेलं भोक आणखी मोठं केलं. मी "अहो!" म्हणाले. ते हसले. अर्धवट तुटलेले, लोंबणारे सगळे पाय, म्हणजे गाठीतून निघणारे दोरे, त्यांनी छाटून टाकले आणि वरच्या बाजूला एकच गाठ अशी ठेवली जिला तीन पाय शाबूत आहेत. खालच्या बाजूलाही तशीच एक. वरच्या तीनपायी गाठीत सुरुवात करायची, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे ओळी भरत उतरायचं आणि खालच्या तीनपायी गाठीत संपवायचं. मधल्या सगळ्या गाठींना दोन-दोन पाय उरलेले हवेत. तसं नसेल तर शेवटी एक दोरा कुठेतरी उपरा राहतो. "बाई, फाटका जाळा शिवूचा नसता," तात्या म्हणाले, "परत विणूचा असता."

गाठ मला त्यांनी तीन दिवस शिकवली. वरच्या फासातून दोरा खालून वर काढायचा, फासाच्या दोन्ही पायांमागून फिरवायचा, स्वतःच्याच खालून घालायचा आणि अंगठ्याने दाबून ओढायचा. अंगठा जरा सरकला की गाठ खाली उतरते आणि तो आस मोठा होतो. आस म्हणजे जाळ्याचं एक घर. मागावर तुटलेलं सूत जोडायला विणकर मारतात तीही हीच गाठ. समुद्रावरचा माणूस आणि मागावरचा माणूस एकमेकांना न भेटता एकाच गाठीपाशी आले. माझी गाठ मात्र चौथ्या दिवशीही सरकत होती.

मी विचारलं, आस केवढा घ्यायचा हे कसं कळतं? तात्यांनी दोन बोटं आसात घातली आणि फिरवली. मग म्हणाले, "मासो बघून आस ठरता. जाळा बघून नाय." बांगड्याचं जाळं वेगळं, सुरमईचं वेगळं. लहान मासा अडकला तर तो विकला जात नाही, वाढायचा तोही राहतो. मोठ्या मासळीला बारीक आस दिला तर ती नुसती धडकून मागे फिरते. आणि नवीन जाळं घेतलं की तेही आधी हातभर तुकडा पाण्यात भिजवून, ताणून, आस बोटांनी मोजून बघतात. मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नमुन्याचा चौकोन विणला.

त्या शिकवणीचा एक फायदा मला अनपेक्षित झाला. गणपतीला आलेले चाकरमानी परत जाताना त्यांच्या हातात काहीतरी हातचं द्यावं अशी माझी हौस. रुमाल झाले, क्रोशाची तोरणं झाली. (तोरणं मला आता बघवत नाहीत. प्रत्येक घरात दारावर एकेक, धुरकट झालेलं, आणि मीच दिलेलं.) मग एका वर्षी सुती दोऱ्याच्या पिशव्या विणल्या, लोकरीसारख्याच सुयांवर. दिसायला देखण्या. डोंबिवलीच्या वहिनीने त्यात परसातले तीन नारळ घातले आणि पिशवी उचलली तर पिशवी खाली उतरू लागली. अंगणातून फाटकापर्यंत जाईस्तोवर नारळ तिच्या घोट्याला लागत होते. दोष दोऱ्याचा नव्हता. विणलेल्या कापडात गाठच नसते, एका फासात दुसरा फास अडकवलेला असतो. वजन आलं की फास एकमेकांतून सरकतात आणि कापड लांब होतं. अंगावरच्या कपड्यात आपल्याला नेमकं तेच हवं असतं. नारळाला नको असतं. पुढच्या वर्षी मी तात्यांच्या गाठीची जाळीदार पिशवी केली, जाड सुती दोऱ्याची, दोन बोटांचा आस. पाच नारळ, वर तांदळाची पुरचुंडी. इंचभरही हलली नाही. वहिनी आता दर वर्षी नवी मागते आणि जुनी शेजारणीला देते. डोंबिवलीच्या भाजी बाजारात अशा चारपाच पिशव्या फिरत असाव्यात.

विणकाम आता पुन्हा चालू काळात आलं आहे असं ऐकते. पोरी यूट्यूबवर बघून शिकतात, बरंचसं हिंदीतून, आणि मला 'फंदा' म्हणजे टाका ना, असं विचारतात. चांगलंच आहे. व्हिडिओत हात दिसतो, थांबवून पुन्हा बघता येतो. आई हात थांबवत नसे, उलट चापट मारत असे. व्हिडिओत एक गोष्ट तेवढी नसते, ती म्हणजे समास.

स्वेटर आता मुंढ्यापर्यंत आला आहे. रंग आमसुली, कारण भाचीला फिके रंग आवडत नाहीत. जाळी कुठेही नाही. नाडी नाही, गोंडे नाहीत; मानेभोवती काही बांधायचं नाही. बटणं पाठीवर नकोत, बाळ पाठीवर निजतं. खांद्यावर दोन, चपटी, दुहेरी दोऱ्याने इतकी घट्ट की ओढून निघू नयेत, कारण हाती लागलेलं सगळं बाळ आधी तोंडात घालतं. आतल्या बाजूने एकही लोंबता धागा नाही, प्रत्येक टोक दोन-दोन इंच टाक्यांतून फिरवून बुजवलं आहे. मोजे आतून उलटे करून मी स्वतःचं करंगळीचं टोक सगळीकडे फिरवून पाहिलं, कुठे अडकतं का. भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, माझ्या वेळेला हे का नाही केलंस?"

एक भीती होती, एक गुंडा न पुरण्याची. दोन गुंडे एका घाण्याचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, नसतील तर रंगात फरक पडतो. गुंड्यावरच्या कागदावर घाण्याचा आकडा छापलेला असतो आणि घेताना तो जुळवून घ्यायचा असतो. दुकानात, ट्यूबलाइटच्या उजेडात, दोन्ही सारखेच दिसतात. अंगणातल्या उन्हात पट्टा उमटतो. यावर इलाज एकच: दोन्ही गुंडे एकदम वापरायचे, दोन ओळी याच्या, दोन त्याच्या. तसं विणलं तर फरक सगळीकडे सारखा पसरतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या भाच्याने अर्थातच आकडा बघितला नव्हता. म्हणून सध्या माझ्या टोपलीत दोन गुंडे एकमेकांत गुंतत असतात आणि दर दोन ओळींना मी त्यांना सोडवते.

३० जुलैला संध्याकाळी पाऊस थोडा थांबला. तात्यांची होडी दुसऱ्या दिवशी खाली उतरवायची होती. ते गडग्याशी आले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, मालवणला दिलेल्या मुलीला मुलगी झाली. बारशाला सगळे जाणार. मी अभिनंदन केलं, साखर दिली. तरी ते जाईनात. शेवटी शर्टाच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढून गडग्यावर ठेवली. आत तो जांभळा गुंडा. दुकानदाराने अखेर गिऱ्हाईक गाठलं होतं.

"टोपडा जमात काय, बाई?"

रात्री बसून मी ते केलं. ॲक्रिलिक आहे, हे मला माहीत होतं. मालवणचा श्रावण आहे, हेही. म्हणून कान झाकतील एवढंच, सैल विणीचं, बांधायला काही नाही, कडेला साबुदाण्याचा पट्टा. सकाळी त्यांना दिलं. तात्यांनी ते हातात घेऊन आधी मागून-पुढून पाहिलं, टाके ओढून पाहिले, मग मूठ वळून आत घातली आणि हळूहळू बोटं उघडली, जाळ्याचा आस बघावा तशी. खालच्या बाजूला बोटं आडवी लावून मोजली.

"आणखी दोन बोटां वाढवा," ते म्हणाले. "पोराचा वाढता अंग."

होडीवर माणसं खोळंबली होती. मी शेवटचा टाका शोधला, उसवला आणि जांभळा धागा पुन्हा गुंड्यावर गुंडाळायला घेतला.